ऑर्सन कॅनियनमधल्या सलग रेषा

माझी अट एकच होती: हार्लन रेंजच्या नकाशावर बाबांचं नाव परत छापायचं.

ती मी पत्रात लिहिली होती, फोनवर सांगितली होती आणि मॉरिसव्हिलच्या माझ्या घरून निघण्याआधी इमेलनेही कळवली होती. नेवाडातलं ते विद्यापीठ आपले जुने नकाशे पुन्हा छापत होतं आणि त्यांना बाबांची मूळ फील्ड शीट्स हवी होती. आठ शीट्स, १९७८ आणि ७९च्या उन्हाळ्यात वाळवंटात उभं राहून पेन्सिलीने काढलेली. चाळीस वर्षं ती डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आई-बाबांच्या घरी कपाटावर पुठ्ठ्याच्या नळकांड्यात पडून होती. बाबा फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचं पत्र आलं ते 'प्रिय मि. निमकर' असं. ते गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. त्याआधी मी त्या विभागाला अकरा पत्रं लिहिली होती आणि दोनच पत्रांना उत्तर आलं होतं, तेही एकेका ओळीचं.

बाबा, म्हणजे शशिकांत निमकर, पुण्यात सरकारी सर्वेक्षण खात्यात सहा वर्षं नोकरी करून सत्त्याहत्तर साली तिथे शिकायला गेले. प्रोफेसर व्हिटॅकर नावाच्या भूशास्त्रज्ञाला हार्लन रेंजचा बारकाईने केलेला नकाशा हवा होता. सगळ्यात जवळचं गाव नव्वद मैलांवर, पाणी नाही, रस्ता नाही. विमानातून काढलेले फोटो होते, पण त्या डोंगरांतल्या उत्तरेकडच्या घळी इतक्या खोल आहेत की प्रत्येक फोटोत त्या काळ्या येतात. सावलीत काय आहे ते फोटो सांगत नाही. तिथे माणसानेच उतरायला हवं. ते काम बाबांनी केलं. एक्याऐंशीला नकाशा छापला, तेव्हा खाली कोपऱ्यात 'टोपोग्राफी: एस. डी. निमकर', म्हणजे जमिनीची मोजणी निमकरांची, असं होतं. शहाऐंशीच्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे काहीच नव्हतं. फक्त वर प्रोफेसरांचं नाव.

सोळाव्या वर्षी ॲन आर्बरच्या लायब्ररीत ती दुसरी आवृत्ती माझ्या हाती लागली. तेव्हापासून मला राग होता. तो मी नीट सांभाळला, वाढवला, त्याला वाचनाची जोड दिली. सर्वेक्षण करणाऱ्या हिंदी माणसांनी पर्वत मोजले आणि नावं साहेबांची लागली, हा इतिहास मी मिळेल तिथून वाचला. कॉलेजच्या अर्जातला निबंध ह्याच विषयावर लिहिला. पुढे डेट्रॉइटच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत लेख लिहिला. तो लोकांनी एकमेकांना पाठवला. बाबांच्या अंत्यविधीनंतर मंडळातले चारुदत्त काका हॉलमध्ये माझा हात धरून म्हणाले, "ह्या माणसाचा अख्खा डोंगर ढापला गं त्या गोऱ्यांनी. तू सोडू नकोस." मी म्हटलं, नाही सोडणार.

व्हिटॅकर मरून नऊ वर्षं झाली होती. पण विभाग होता, आणि आता विभागाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

विभागाच्या तळघरात नकाशांचा संग्रह आहे. तिथे मला घ्यायला आलेली मुलगी मराठी निघाली. प्रीता, नागपूरची, भूशास्त्रात पीएचडी करणारी, आठवड्यातले वीस तास संग्रहात काम करणारी.

"सुनेत्राताई ना? तुमचा लेख मी वाचलाय. माझी मावसबहीण ट्रॉयला असते, तिने पाठवला होता. मी तर लिटरली रडले वाचून."

"रडू नकोस. काम काय आहे ते सांग."

ती हसली. मला ते बरं वाटलं, कारण मी गमतीत बोलले नव्हते. "आधी कंडिशन रिपोर्ट करायचा. म्हणजे कुठे फाटलंय, कुठे डाग. मग साडेतीनला डॉ. ग्रीरना भेटायचं, ते हेड आहेत. नावाचं ते ऑलरेडी ओके म्हणालेत. पेपर्स रेडी आहेत, तुम्ही फक्त साइन करा."

इतकं सोपं. सत्तावीस वर्षं ज्यासाठी दात आवळून बसले होते ते एका मुलीने जिना उतरता उतरता सांगून टाकलं. आनंद झाला नाही. बाबा पाच महिन्यांपूर्वी गेले होते आणि ह्या लोकांना हे त्याच्या आधी करता आलं असतं, एवढंच डोक्यात आलं.

तिने पहिलं शीट काचेच्या टेबलावर पसरलं आणि खालचा दिवा लावला.

कागद उजळला आणि त्यात बारीक बारीक ठिपके पेटल्यासारखे दिसायला लागले. मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण ते काय आहेत ते मला लगेच कळलं, कारण मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं. बाबा लहानपणी समजावून सांगायचे: तीन पायांवरचा लाकडी फळा, त्यावर ताणून बसवलेला कागद. डोंगरावर जिथे फळा मांडला, ती जागा कागदावर शोधायची आणि तिथे सुई टोचायची. त्या सुईला पट्टी टेकवून, पट्टीवरच्या दुर्बिणीतून समोरचे सुळके, दगड, खिंडी बघत रेषा ओढायच्या. सुईचं भोक म्हणजे, इथे मी उभा होतो. निबंधात मी हे वाक्य शेवटी टाकलं होतं. ते वाचून एका प्राध्यापिकेने मला स्वतः फोन केला होता.

"काय मस्त दिसतंय ना," प्रीता म्हणाली. "स्टेशन्स, म्हणजे ही भोकं, मोजूया का? रिपोर्टमध्ये टाकता येईल."

आम्ही मोजत गेलो. पहिल्या शीटवर एकेचाळीस. दुसऱ्यावर अडतीस. प्रत्येक घळीच्या तळाशी भोकं होती, ओळीने, माणूस वाकत वाकत पाण्याची बाटली सांभाळत उतरला असेल तशी. कागदाला न टेकवता मी त्यांच्यावरून बोट फिरवत होते. पाचवं शीट लावलं तेव्हा प्रीताने मोजणं थांबवलं.

"हे ऑर्सन कॅनियन," ती म्हणाली.

डोंगराच्या पश्चिम खांद्यावर एक भोक होतं. घळीच्या तोंडाशी, सपाटीवर, दुसरं. मध्ये जवळजवळ दोन मैल लांबीची घळ होती आणि तिच्यात एकही भोक नव्हतं. समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मात्र होत्या. वरून खालपर्यंत, सारख्या अंतरावर, सलग, स्वच्छ. सारख्या, मोकळ्या अंतरावरच्या रेषा म्हणजे सोपा उतार. शाळेतल्या भूगोलात शिकवतात तेवढंच.

"इथे बहुतेक काहीतरी खोडलेलं आहे," मी म्हटलं. कागद तिथे पातळ होता, खालचा उजेड जास्त येत होता. आधी काहीतरी काढून खोडलं होतं. वाकून पाहिलं तर पेन्सिलीच्या खुणा राहिल्या होत्या: तुटक रेषा. बाबांच्या खात्यातला नियम मला पाठ होता, कारण तो ते चारचौघांत सांगायचे. जिथे पाय ठेवला नाही, तिथली रेषा तुटक काढायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा अंदाज आहे. इथे तुटक रेषा होत्या आणि त्या खोडून वर सलग रेषा ओढल्या होत्या. दोन्ही त्याच हाताने.

चाळीस वर्षं ही शीट्स घरात होती. मी त्यांच्याबद्दल निबंध लिहिला, लेख लिहिला, अकरा पत्रं लिहिली. एकदाही खिडकीसमोर धरून पाहिली नाहीत.

"ताई, एक मिनिट बसता का?" प्रीता म्हणाली. तिने दार लावून घेतलं.

व्हिटॅकरांचे कागद त्यांच्या घरून गेल्या वर्षी आले होते, बावीस खोकी. ती त्यांची यादी करत होती. सोळाव्या खोक्यात तिला एक फाइल सापडली होती, तीन आठवड्यांपूर्वी. तिने ती माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः पाठ करून कपाटातलं काहीतरी लावत बसली.

फाइलमध्ये वर एक अहवाल होता, विद्यापीठाचाच. मे १९८४ मध्ये दोन विद्यार्थी हार्लनचा नकाशा घेऊन ऑर्सन कॅनियनमध्ये उतरले. उतार सोपा दिसला म्हणून दोर गाडीत ठेवला. अर्ध्या वाटेवर सत्तर फुटांचा उभा कडा निघाला, पावसाळी पाण्याने कापलेला. ज्या गुळगुळीत खडकांवरून घसरत आले ते परत चढता येईनात. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं तेव्हा पीटर लंडीन नावाचा मुलगा, वय बावीस, तो कडा उतरायला गेला आणि पडला. दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने वर काढलं. निष्कर्षात एक ओळ होती: मृत विद्यार्थ्याने नकाशा चुकीचा वाचला.

त्याखाली बाबांचं पत्र होतं. टाइप केलेलं, फेब्रुवारी १९८५. इंग्रजीतही बाबा बोलायचे तसंच लिहायचे, छोटं छोटं.

"प्रोफेसर, अहवाल वाचला. पीटर लंडीनने नकाशा बरोबर वाचला. मी ऑर्सन कॅनियनमध्ये उतरलो नव्हतो. सप्टेंबरच्या शेवटी पश्चिम खांद्यावर उभा राहिलो तेव्हा मला वरचा भाग दिसला आणि तोंड दिसलं. मधलं सावलीत होतं. दुसऱ्या दिवशी फळा घेऊन उतरायला हवं होतं. एका दिवसापुरतं पाणी होतं. मी आजारी नव्हतो. मला कंटाळा आला होता. तंबूत बसून मी दोन टोकं जोडली. मी रेषा तुटक काढल्या होत्या. तुटक रेषा छापील नकाशात अर्धवट दिसतात असं तुम्ही म्हणालात आणि मी त्या सलग केल्या. नाही म्हणता आलं असतं. माझ्या दोन विनंत्या आहेत. अहवाल दुरुस्त करून त्याच्या घरच्यांना कळवा. आणि नकाशा पुन्हा छापलात तर त्यावरून माझं नाव काढा."

व्हिटॅकरांच्या उत्तराची कार्बन कॉपी जोडलेली होती. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव काढेन. अहवालाचा विषय संपला आहे, कुटुंबाने तो स्वीकारला आहे, आता पुन्हा उकरण्यात कोणाचंच भलं नाही.

त्यानंतर बाबांचं दुसरं पत्र नव्हतं. मी फाइल शेवटपर्यंत उलटली. बाबांचं नव्हतं. हाताने लिहिलेली तीन पत्रं होती, डोरीन लंडीन अशी सही असलेली, पीटरच्या बहिणीची. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. माझा भाऊ अकराव्या वर्षापासून नकाशे वाचत होता, तिने लिहिलं होतं, तो असं कसं चुकेल, मला कोणीतरी समजावून सांगेल का. तिसऱ्या पत्रावर व्हिटॅकरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: उत्तर देऊ नये.

"ताई," प्रीता पाठमोरीच म्हणाली, "हे खोकं अजून कॅटलॉग नाही झालेलं. मी कोणालाच दाखवलं नाहीये, ग्रीरना पण नाही. यादीला अजून वर्ष लागेल. तुम्ही आज साइन केलंत तर नकाशा ऑगस्टमध्ये छापून होईल, नाव लागेल. मग पुढचं पुढे."

"तुला काय वाटलं, मी असं करीन?"

"मला काही वाटलं नाही. मी फक्त सांगितलं." ती वळली. तिचा चेहरा पडला होता. "तुम्ही इतकी वर्षं फाइट केलीत म्हणून."

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते नेमकं आठवत नाही, चोर समजतेस का असं काहीतरी. मग ओरडणं थांबवलं, कारण तिने हे बोलायच्या आधीच, आज सही करून टाकावी, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

बाहेर येऊन पार्किंगच्या कडेला कुंपणाला टेकून आईला फोन केला. जुलैतलं दुपारचं ऊन, अंगावर घाम टिकत नव्हता. तिकडे मिक्सर चालू होता.

"आई, ऑर्सन कॅनियन."

मिक्सर बंद झाला.

"कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"माझ्यापासून काय लपणार होतं? तू दोन वर्षांची होतीस. वर्तमानपत्रात त्या मुलाचा फोटो आला होता. हे तीन दिवस जेवले नाहीत. मग ते पत्र लिहिलं, आणि ट्रॉयला नोकरी मिळाली तशी आम्ही उठून गेलो."

"आणि मला सांगितलंत की प्रोफेसरने नाव काढलं."

"आम्ही कुठे सांगितलं? तू सांगितलंस. सोळा वर्षांची होतीस. जेवताना पानावरून उठलीस आणि म्हणालीस, त्या माणसाने तुमचं नाव चोरलं आणि तुम्ही गप्प बसलात. हे काहीतरी म्हणणार होते. तू त्यांना बोलूच दिलं नाहीस."

"एका दिवशी नाही बोलू दिलं. नंतरची सत्तावीस वर्षं?"

"नंतर तू तो निबंध लिहिलास. त्याच्यावर तुझी ॲडमिशन झाली. तेव्हा सांगायचं? मग स्मरणिकेत छापून आणलंस. दर वेळी म्हणायचे, सांगतो, आणि दर वेळी तू पुढे गेलेली असायचीस."

"म्हणजे माझी चूक."

"मी असं म्हटलं का? उगाच टोचून बोलू नकोस. तुला तसाच बाप हवा होता, सुनू. ज्याच्यावर अन्याय झाला असा. त्यांना वाटलं, तिला असा बाप मिळतोय तर मिळू दे."

"आणि त्या मुलाच्या घरच्यांना काय मिळालं?"

तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बाबांनी एक पत्र लिहिलं, आई. एक. मी अकरा लिहिली. एका पत्रात दोन गोष्टी मागितल्या, त्यातली स्वतःला शिक्षा देण्याची मान्य झाली आणि तेवढ्यावर ते घरी आले. शिक्षा भोगल्यासारखं तोंड करून चाळीस वर्षं राहिले. त्या मुलाची बहीण इथेच राहत होती. फोनच्या पुस्तकात नाव असणार. एक फोन."

"भित्रे होते ते," आई म्हणाली. "चांगले होते आणि भित्रे होते. माझ्याशी कशाला भांडतेस? मी चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी. आणि आता तरी काय करणार आहेस? माणूस गेला. नाव लावून घे आणि ये परत."

मी फोन ठेवला. बाबांवर इतकी चिडले होते की ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. ते समोर नव्हते. ह्याचाही राग आला.

आत जाऊन मी फाइलमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो माझ्या फोनवर काढला. प्रीता मध्ये पडायला लागली तर तिला म्हटलं, "तू बाहेर जा. तू इथे नव्हतीस. मी फाइल टेबलावर पाहिली आणि उघडली, एवढंच झालं." तिचा व्हिसा ह्या नोकरीवर आणि ह्या विभागावर होता. ती गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "सॉरी, ताई. मघाचं." मी तिला सॉरी म्हणायला हवं होतं.

डॉ. ग्रीर साठीचे, मऊ बोलणारे. त्यांनी आधी बाबांबद्दल सहानुभूती व्यक्त केली, मग छापायच्या नकाशाचा नमुना उलगडला. कोपऱ्यात 'टोपोग्राफी: एस. डी. निमकर' होतं. मी ते वाचलं. मग फोन त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"तुमच्या तळघरात. नाव असू द्या. पण ऑर्सन कॅनियनमधल्या रेषा तुटक करा, आणि खाली छापा की हा भाग सर्वेक्षण न करता काढलेला आहे, आणि त्यामुळे पीटर लंडीन गेला. त्याने नकाशा बरोबर वाचला होता हेही छापा."

"ही ऐतिहासिक नकाशाची जशीच्या तशी प्रत आहे. रेषा आपण बदलत नसतो."

"मग पत्र सोबत छापा."

"पत्र विद्यापीठाच्या मालकीचं आहे. ते वकिलांना दाखवावं लागेल." त्यांनी हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. "हे पाहा, तुमचे वडील इथे परदेशातून आलेले विद्यार्थी होते. त्यांच्यावर दबाव होता हे स्पष्ट आहे. तुमची मूळ मागणी न्याय्य आहे आणि आम्ही ती पूर्ण करतोय. मला वाटतं, आपण तिथेच थांबावं. तुमच्या वडिलांच्या दृष्टीने."

ते वाईट माणूस नव्हते. तेच मला सहन झालं नाही. बाबांचं नाव मी इतकी वर्षं ज्या रीतीने मागत होते, त्याच रीतीने, माझेच शब्द वापरून, ते मला देत होते. परदेशातून आलेला विद्यार्थी. दबाव. मी स्मरणिकेत लिहिलेलं वाक्य न् वाक्य.

"व्हिटॅकर एकदाच म्हणाले, तुटक रेषा बऱ्या दिसत नाहीत," मी म्हटलं. "ह्याला दबाव म्हणत नाहीत. बाबा अठरा-एकोणीस वर्षांचे नव्हते की अडाणी नव्हते. सहा वर्षं नोकरी करून आलेला सर्वेक्षक होता तो. तुटक रेषा म्हणजे काय हे ह्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. खोडरबर त्यांच्या हातात होतं."

"मिस निमकर..."

"मी सही करत नाही. शीट्स परत नेतेय. आणि ह्या पत्राची प्रत मी आज पीटरच्या बहिणीला देणार आहे. वकिलांना जे करायचं ते करू द्या."

ग्रीर उठले नाहीत. "त्या बाई आता सत्तरीच्या आहेत," ते म्हणाले. "विचार करा."

म्हणजे त्यांना ती माहीत होती. हे गाव तेवढंच आहे.

डोरीन लंडीन विद्यापीठापासून पंचवीस मिनिटांवर राहत होती. पत्रांवरचाच पत्ता. त्या घराबाहेर पडून कुठे जावंसं तिला वाटलं नसेल, किंवा कोणीतरी कधी उत्तर घेऊन येईल म्हणून राहिली असेल. वाटेत एका दुकानात मी फोटोंच्या प्रती छापून घेतल्या.

जाळीच्या दारामागे ती उभी राहिली. उंच, केस आखूड, हातात बागकामाचे हातमोजे. मी नाव सांगितलं, ते तिला काहीच सांगत नव्हतं. म्हटलं, "ऑर्सन कॅनियनचा नकाशा माझ्या वडिलांनी काढला होता. तुमच्या भावाने तो बरोबर वाचला होता. माझे वडील त्या घळीत उतरलेच नव्हते. त्यांनी ते लिहून कळवलं होतं. विद्यापीठाने तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या वडिलांनीही सांगितलं नाही."

तिने दार थोडं उघडून हात बाहेर काढला. मी कागद दिले. दार पुन्हा लागलं आणि जाळीपलीकडे उभी राहून ती वाचायला लागली. आत ये म्हणाली नाही. मी पायरीवर उन्हात उभी. व्हिटॅकरांचं उत्तर ती वाचत होती तेव्हा कळलं, कारण तिने तो कागद बाजूला धरला आणि परत बाबांचं पत्र वर आणलं.

"कंटाळा," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या वडिलांनी पीटरचे सगळे नकाशे अंगणात जाळले. ज्याला एवढं साधं वाचता येत नाही त्याने डोंगरात कशाला जायचं, असं म्हणायचे. मरेपर्यंत म्हणायचे. त्याच्यावर रागावूनच गेले ते, एक्याण्णव साली." तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्यांच्याशी भांडायचे. पण रात्री पडल्यावर वाटायचं, चुकला असेल. खरंच चुकला असेल. मला माझ्या भावाबद्दल असं वाटायला लावलं तुमच्या वडिलांनी."

"हो."

"तुम्ही माफी मागायला आलात का?"

"नाही. ती मला मागता येणार नाही."

"बरं झालं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमचे वडील आहेत?"

"फेब्रुवारीत गेले."

"कसे?"

"झोपेत. घरी."

"त्यांचं वय काय होतं?"

"पंच्याहत्तर."

तिने मान हलवली, दोनदा, हळू. मला वाटलं ती दार लावून घेईल. मी तशी उभी होते की लावलं तरी चालेल. तिने आतल्या टेबलावरून पेन आणलं, बाबांच्या पत्राची पाठ वर करून ते दाराच्या फटीतून माझ्या हातात दिलं.

"सही वाचता येत नाहीये. त्यांचं पूर्ण नाव लिहून द्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी पीटरवर चिडत होते. आता मला नाव हवंय."

मी भिंतीला कागद टेकवला आणि लिहिलं. शशिकांत दिनकर निमकर. अक्षरं सुटी सुटी काढली, तिला वाचता येतील अशी, आणि कागद परत दिला.